ओरितोसानला कोण विचारणार

महिनाअखेरची मोजणी ओरितो मासुएने चार वेळा केली आणि चारही वेळा तेच निघालं. रक्तदाबाच्या फिकट गुलाबी गोळ्या अठ्ठावीस जास्त. साखरेच्या फिकट गुलाबी गोळ्या अठ्ठावीस कमी. एखाद-दुसरी गोळी मागेपुढे झाली असती तर पडली असेल कपाटाखाली म्हणून सोडून देता आलं असतं. पण अठ्ठावीस म्हणजे चार आठवडे, एका माणसाच्या चार आठवड्यांच्या सकाळच्या पुड्या. आणि त्या महिन्यात ही रक्तदाबाची गोळी चार आठवड्यांची नेणारा माणूस अख्ख्या काझाशिमा बेटावर एकच होता, उराबे तोमोझो. त्याला जाऊन बारा दिवस झाले होते.

मासुए स्टुलावर बसली. दुपारचे तीन वाजले होते, दुकानात कुणी नव्हतं. काय झालं असेल ते तिला लगेच कळलं, कारण तसं होण्याची भीती ती दहा वर्षं बाळगून होती.

आमच्या बेटावर माणसं दोनशे साठ, त्यातली बहुतेक सत्तरीच्या पुढची. म्हाताऱ्या बोटांनी सात पाकिटांतून सात गोळ्या काढून खाणं होत नाही. म्हणून मासुए ज्याच्या त्याच्या सकाळच्या सगळ्या गोळ्या एका पारदर्शक पुडीत भरून देते. पुडीवर नाव, तारीख आणि 'नाश्त्यानंतर' असं छापलेलं. फाडायची, तोंडात टाकायची, वर पाणी प्यायचं. गोळ्या एका ताटात, खणाखणांत हाताने टाकाव्या लागतात. मग मशीन त्यांना सील करतं. मशीनला काय, जे टाकाल ते सील करेल. शहरात एकाने भरलं की दुसरा फार्मासिस्ट तपासतो. इथे दुसरा आणायचा कुठून? दुकानाच्या दाराशी कायद्याने लावलेली पाटी आहे. तिच्यावर व्यवस्थापक म्हणून ओरितो मासुएचं नाव, नऊ ते सहा ही वेळ, दुकान बंद असताना फोन कुठे करायचा तो नंबर. 'इतर फार्मासिस्ट' या रकान्यात बावीस वर्षं काही लिहिलेलं नाही.

त्या दिवशी काय झालं होतं? वादळाने बोट दोन दिवस आली नव्हती. मंगळवारचा डॉक्टर गुरुवारी उगवला आणि नेहमीप्रमाणे चारच्या बोटीने पळाला. एका दुपारी एक्केचाळीस चिठ्ठ्या. तोमोझोच्या आधी साखरेचा कुणीतरी रोगी असणार, ती बाटली टेबलावर तशीच राहिली असणार. असणार, असणार! तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. एका माणसाच्या जिवावर उठलेली ती पाच मिनिटं तिच्या डोक्यात उरलीच नव्हती, आणि या गोष्टीचीच तिला सगळ्यात जास्त शिसारी आली.

तोमोझो एकोणऐंशी वर्षांचा होता. सकाळी नाश्ता करून ऑक्टोपस पकडायला समुद्रात सोडलेली मडकी ओढायला धक्क्यावर गेला आणि होडी न् धक्का यांच्या मधल्या पाण्यात पडला. डॉक्टरने हृदयाचं काहीतरी लिहिलं. अंत्यविधीला आम्ही सगळे म्हणालो, कोळ्याला समुद्रातच मरण आलं, सोनं झालं. मासुएही म्हणाली होती. ती आणि तोमोझो एका शाळेत, एका बाकावर. सत्तर वर्षं तो तिला 'मासु' म्हणत आला आणि औषधाची वही काउंटरवर आपटून 'काय ग, अजून मरू देत नाहीस का आम्हाला?' असं विचारत आला.

तिने दुकानाला कुलूप लावलं आणि ती उराबेंच्या घराकडे निघाली.

सुमीने, तोमोझोच्या बायकोने, दार उघडलं. आतल्या देव्हाऱ्यात तोमोझोचा फोटो, पुढे भाताची वाटी. मासुएने उदबत्ती लावली, हात जोडले, आणि मग वळून सुमीपुढे गुडघ्यांवर बसून कपाळ चटईला टेकवलं.

"अग, हे काय? ऊठ. चहा ठेवते."

"चहा नको, सुमीसान. आधी ऐका. तोमोझोच्या पुड्यांत मी चुकीची गोळी भरली. रक्तदाबाची द्यायची ती साखरेची दिली. सगळ्याच्या सगळ्या पुड्यांत. त्याला साखर नव्हतीच. अशा माणसाने ती रोज घेतली की रक्तातली साखर पार खाली जाते, घाम सुटतो, गरगरतं, शुद्ध हरपते. त्या दिवशी तो धक्क्यावर..."

"ठाऊक आहे मला," सुमी म्हणाली.

मासुएने मान वर केली. "काय ठाऊक आहे?"

"गोळी वेगळी होती ते. यांनी पहिल्याच दिवशी पाहिलं. जन्मभर इंजिनाचे नट-बोल्ट निरखलेला माणूस, त्यांच्या नजरेतून काय सुटतंय? म्हणाले, ही बघ, हिच्या मधोमध रेघ आहे. मागच्या वेळेला रेघ नव्हती."

"मग?"

"मग काय, घेतली."

मासुएला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "घेतली? सुमीसान, मला विचारलं का नाही? फोन का नाही केलात? पाटीवर नंबर आहे, औषधाच्या वहीवर नंबर आहे! मध्यरात्री उठवलं असतंत तरी मी धावत आले असते!"

"मी म्हटलं ना त्यांना. चौथ्या दिवशी घामाने बनियन पिळून काढण्याइतकं भिजलं, तेव्हा म्हटलं, मी मासुला विचारून येते. तर अंगावर आले माझ्या. म्हणाले, काय विचारणार तू? 'चुकलीस का ग' असं विचारणार? पन्नास वर्षं तिच्या हातचं औषध खातोय, आता या वयात तिची परीक्षा घ्यायची? आणि समजा चुकली असेल, तर? कुरोसेचं काय झालं ते विसरलीस?"

कुरोसेचं काय झालं ते आमच्या बेटावर शेंबडं पोरही सांगेल. कुरोसे म्हणजे पलीकडचं बेट. तिथेही एकच म्हातारा फार्मासिस्ट होता. तीन वर्षांपूर्वी त्याने एका आजीला डोळ्यांचे चुकीचे थेंब दिले. आजीला काही झालं नाही, पण ओसाकाहून आलेल्या तिच्या लेकीने कागदोपत्री तक्रार केली. म्हाताऱ्याने चौकशीची वाटही पाहिली नाही. शरमेने दुसऱ्याच आठवड्यात दुकानाला फळ्या मारल्या. त्याच्या जागी आजतागायत कुणी आलं नाही. कुरोसेची माणसं आता औषधासाठी दीड तासाच्या बोटीत डबा घेऊन बसतात आणि समुद्र खवळला की औषधाविना राहतात.

"शेवटी शेवटी खिशात खडीसाखर ठेवायला लागले होते," सुमी सांगत होती. आवाज अगदी साधा, बाजारात काय मिळालं ते सांगावं तसा. "ती चघळली की हात थरथरायचे थांबतात म्हणायचे. त्यांचं त्यांनीच शोधून काढलं. म्हणाले, चौदा पुड्या संपल्या, चौदा राहिल्या. एवढ्या संपल्या की डॉक्टर नवीन लिहील, मासु नवीन भरेल, आपोआप ठीक होईल, कुणाला काही कळायलाही नको. त्या सकाळी खडीसाखर संपली होती. मी म्हटलं, थांबा, आणते. तर म्हणाले, भरती निघून जाईल."

"मूर्ख!" मासुए ओरडली. फोटोकडे बघूनच ओरडली. "महामूर्ख माणूस! तुला कुणी सांगितलं होतं माझी लाज राखायला? एक शब्द, तोमोझो! 'मासु, ही रेघ कसली' एवढंच!" आणि मग तिला रडू फुटलं ते आवरेना. सुमी जवळ आली नाही, दूरही गेली नाही. चहा मात्र तिने ठेवला.

रडू ओसरल्यावर मासुए म्हणाली, "मी आरोग्य कार्यालयाला कळवते. परवाना परत देते. माझ्या हातात आता एक गोळीसुद्धा ठेवायला नको."

तेव्हा मात्र सुमीचा चेहरा बदलला. "असं? आणि मग ते गप्प कशासाठी बसले?"

"सुमीसान..."

"नाही, सांग ना. तुझं दुकान राहावं म्हणून माझा नवरा चौदा दिवस विष खाऊन गप्प बसला. आता तू जाऊन सगळं ओकणार, तुझं मन हलकं होणार, दुकानाला फळ्या लागणार. माझ्या हृदयाच्या गोळ्या कोण देणार? डबा घेऊन बोटीत बसू मी, ब्याऐंशीव्या वर्षी? त्यांचं मरण फुकट घालवायचं असेल तर जा, कळव."

मासुए उठून निघाली. पण घरी जाऊन तिने आरोग्य कार्यालयाला फोन केलाच. आयुष्यभर तिने एक नियम पाळला होता. डॉक्टरच्या चिठ्ठीत काही खटकलं की औषध देण्याआधी डॉक्टरला फोन लावून विचारायचं, डॉक्टर कितीही मोठा असो, कितीही चिडो. कायद्यानेच हे काम फार्मासिस्टवर टाकलंय. पन्नास वर्षांत तिने डॉक्टरांच्या शंभर तरी चुका अशा पकडल्या होत्या. आता आपल्या चुकीच्या वेळी फोन उचलायचा नाही, हे तिच्याच्याने होईना.

पुढच्या आठवड्यात बोटीतून शिबुकावा नावाचे अधिकारी उतरले. पन्नाशीचे, थकलेले, बोट लागल्याने हिरवेपिवळे झालेले. धक्क्यावर बेटाचे प्रमुख ताबुचि हजर. कमरेतून वाकून वाकून त्यांनी अधिकाऱ्यांना नको नको करून सोडलं. "ओरितोसान फार थकल्यात हो. शाळेपासूनचा मित्र गेला ना, मनाला लावून घेतलंय. काहीबाही बोलतात."

शिबुकावांनी दुकानात सगळं पाहिलं. भिंतीवरचा परवाना, पाटी, मशीन, मोजणीचा कागद. मासुएने सगळं सांगितलं, काही हातचं राखलं नाही. त्यांनी लिहून घेतलं. मग ते तिला घेऊन सुमीकडे गेले.

"उरलेल्या पुड्या असतील ना आजी? चौदा उरल्या असतील."

"जाळल्या. त्यांच्या कपड्यांबरोबर."

"जाण्याआधी काही त्रास? चक्कर, घाम?"

"छे हो. ठणठणीत होते. आदल्या दिवशी दोन वाट्या भात खाल्ला."

"गोळी वेगळी वाटली असं काही म्हणाले होते?"

"नाही बाई."

"सुमीसान!" मासुए म्हणाली. सुमीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अधिकाऱ्यांच्या कपात चहा ओतत राहिली आणि सुकवलेले मासे घेऊन जा म्हणून आग्रह करत राहिली.

परत जाताना धक्क्यावर शिबुकावांनी निकाल सांगितला. देहाचं दहन झालं, पुड्या नाहीत, घरच्यांची तक्रार नाही. गोळ्यांच्या मोजणीत फरक आहे खरा, पण मोजणीतही चूक होऊ शकते. तिचं म्हणणं नोंदवून घेतलं आहे. यापुढे प्रत्येक पुडीची दुहेरी तपासणी व्हावी.

"दुसरं कोण तपासणार? मी एकटी आहे."

"स्वतःच दोनदा तपासा. मध्ये थोडा वेळ जाऊ द्यायचा. नजर ताजी होते."

"माझा परवाना घ्या हो." ती अक्षरशः हात जोडून म्हणाली. "मी आपणहून देतेय, तो घ्या."

शिबुकावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ओरितोसान, दुकान बंद करायचं तर अर्ज भरा, मी कोण अडवणार? पण खरं सांगू? तुमच्या जागी माणूस शोधायचं काम माझ्याच टेबलावर येईल. कुरोसेसाठी तीन वर्षं शोधतोय. एकाने होकार दिला होता. बेट बघायला आला आणि त्याच बोटीने परत गेला." मग ते बोटीत चढले, आणि लांब जाईपर्यंत तिच्याकडे बघून वाकत राहिले.

दुकान बंद करण्याचा अर्ज तिने दोनदा भरला. दोन्ही वेळेला दाराची घंटा वाजली आणि कुणीतरी वही घेऊन आत आलं. दम्याची माणसं, फिटची माणसं, रक्त पातळ करायच्या गोळीवर जगणारी माणसं. त्यांना काय सांगणार होती ती? ती उठून पुड्या भरायला लागे. एकदा तपासायची, देव्हाऱ्याला हात जोडून यायची, पुन्हा तपासायची, पाणी पिऊन यायची, पुन्हा तपासायची. जे काम वीस मिनिटांचं होतं त्याला दीड तास लागू लागला. कुणी हूं की चूं केलं नाही. आम्ही बाकड्यावर बसून राहायचो आणि हवापाण्याच्या गप्पा मारायचो. काय झालं होतं ते बेटावर एव्हाना सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्यासमोर कुणी त्याचं नावही काढलं नाही. आम्हाला वाटायचं, आपण तिच्यावर केवढी माया करतोय!

तिने भिंतीवर मोठ्या अक्षरांत कागद लावला, 'गोळी वेगळी वाटली तर ताबडतोब विचारा.' लोकांनी तो वाचला आणि माना डोलावल्या. प्रत्येकाला ती सांगायला लागली, "पुडी माझ्यासमोर नीट बघा. मागच्या महिन्याच्या पुडीशी लावून बघा. मी रागावणार नाही, उलट उपकार होतील."

"तुम्ही दिलंय म्हणजे आम्ही काय बघायचं, ओरितोसान?" म्हणून माणसं हसत, आणि पुडी न बघताच पिशवीत टाकत.

तिची झोप उडाली. एकोणऐंशी वर्षांची बाई, अजून किती महिने दोनदा, तीनदा, पाचदा तपासणार? पुन्हा एकदा चुकणार, हे तिला सूर्य उगवणार इतकं पक्कं ठाऊक होतं. त्या दिवशी कुणी विचारेल का, एवढंच आता तिला जाणून घ्यायचं होतं. एक जरी माणूस विचारणारा असेल तर ती दुकान चालवेल. नसेल तर काय करायचं, तिथपर्यंत विचार करायची तिची हिंमत होत नव्हती.

म्हणून तिने एक गोष्ट केली, जी परवाना घेतल्यापासून कधी केली नव्हती. सुमीच्या दोन आठवड्यांच्या पुड्या भरताना तिने मुद्दाम प्रत्येक पुडीत एक जादा गोळी टाकली. जीवनसत्त्वाची, साधी, निरुपद्रवी. सुमीच्या बाकीच्या औषधांशी तिचं काही वाकडं नाही हे तिने पुस्तकात दहा वेळा पाहिलं. गोळी मोठी होती आणि भडक पिवळी, आंधळ्यालाही दिसावी अशी. सुमीच निवडली, कारण जगात कुणी विचारायला हवं असेल तर ते सुमीने. एकदा गप्प बसून नवरा गमावलेली बाई दुसऱ्यांदा गप्प बसणार नाही.

सुमी पुड्या घेऊन गेली. मासुए फोनपाशी बसली. दुसऱ्या दिवशी नाश्त्याची वेळ झाली, टळली. फोन वाजला तो मासळी-संघाचा. तिसऱ्या दिवशी तिने फोन चालू आहे की नाही ते बघायला स्वतःच पोस्टात जाऊन दुकानाचा नंबर लावला. वाजत होता. आठव्या दिवशी रस्त्यात सुमी दिसली. पाठीवर रताळ्यांची टोपली. हात हलवला आणि पुढे गेली.

पंधराव्या दिवशी सकाळी दहाला सुमी दुकानात आली. बाकड्यावर सहा जणं बसली होती. तिने वही काउंटरवर ठेवली, डॉक्टरची चिठ्ठी ठेवली.

मासुएने विचारलं, "मागच्या सगळ्या घेतल्या?"

"एक चुकवली नाही."

"तब्येत?"

"छान आहे."

मासुए काउंटरवर पुढे झुकली. "पुडीत काही वेगळं नाही दिसलं, सुमीसान? नीट आठवा. एखादी गोळी?"

सुमीने मागे बाकड्याकडे पाहिलं. सगळी माणसं एकदम आपापल्या पिशव्यांत काहीतरी शोधायला लागली. मग तीही पुढे झुकली आणि तिने मासुएच्या हातावर आपला हात ठेवला.

"पिवळी ना? पहिल्याच दिवशी दिसली ग," ती कुजबुजली. "पण तू घाबरू नकोस, मासु. मी कुणाला म्हणजे कुणाला बोलले नाही."

तिने हात थोपटला, आणि जाऊन बाकड्यावर सातवी बसली. मासुए चिठ्ठी हातात धरून उभी होती. ताबुचि बाकड्यावरून म्हणाले, "सावकाश होऊ द्या, ओरितोसान. आम्हाला काही घाई नाही." तिने कपाटातून ताट काढलं आणि गोळ्या भरायला सुरुवात केली.